थंड हवेचा सातबारा

पाटसला बर्फ दोनच ठिकाणी पाहायला मिळतो. एक, हमरस्त्यावरच्या रसवंतीत, गोणपाटाखाली. आणि दोन, लग्नाच्या मांडवामागे, मठ्ठ्याच्या पिंपात. या बर्फावरून पायांना फळ्या बांधून घसरत जावं असं आजवर एकाही पाटसकराला वाटलेलं नाही. आमच्याकडे थंडी येते ती पाहुण्यासारखी. दिवाळीनंतर येते, संक्रांतीचा तिळगूळ घेते आणि निघते. शिवरात्र झाली की उन्हाळा मात्र घरजावयासारखा ठिय्या देऊन बसतो. पुण्यापासून साठेक किलोमीटरवर, सोलापूरच्या रस्त्याला, जिकडे कालव्याचं पाणी पोचलं तिकडे ऊस आणि जिकडे पोचलं नाही तिकडे रोटी घाटापर्यंत उघडंबोडकं माळरान, असं हे आमचं गाव.

अशा गावात बसून आल्प्स पर्वतातलं घर विकत घ्यावं की घेऊ नये, या नैतिक प्रश्नावर मी गेले चार महिने विचार करतो आहे, असं सांगितलं तर आपण हसाल. हसा बापडे. गावात सगळेच हसतात. पण बत्तीस वर्षं हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला पेन्शनीत दुसरं काम तरी काय असतं? शिवाय प्रश्न मी होऊन अंगावर घेतलेला नाही. तो साडूंमार्फत आला.

आमच्या साडूंची रस्त्याच्या कडेची जमीन रुंदीकरणात गेली आणि त्या जमिनीने पिढ्यान्‌पिढ्या बाजरीच्या रूपाने जे दिलं नव्हतं ते एका धनादेशात दिलं. माणूस मुळात सालस. पैसा आला म्हणून बिघडला नाही, फक्त जरा गोंधळला. पहिल्या वर्षी त्यांनी आमच्या मेहुणीला पाटल्या केल्या, दुसऱ्या वर्षी मोटार घेतली, आणि तिसऱ्या वर्षी सह्याद्रीतल्या एका डोंगरावर, धरणाच्या पाण्याकडे तोंड करून उभा असलेला एक बंगला घेतला. त्याला बंगला म्हटलेलं त्यांना खपत नाही. तो ‘व्हिला’ आहे. ज्यांनी तो विकला त्यांचं नाव मी सांगत नाही, कारण साडूंचं त्यांच्याशी भांडण चालू आहे आणि त्यात मला साक्षीदार व्हायचं नाही.

आता साडूंचे चिरंजीव जर्मनीत नोकरीला आहेत. त्यांनी वडिलांना आल्प्समधल्या नव्या कोऱ्या घरांची एक रंगीत पुस्तिका पाठवून दिली. ती घेऊन साडू आमच्याकडे आले. पुस्तिका हातात घेतल्याबरोबर माझ्या चष्म्यावर दव साचतं की काय असं वाटलं. लाकडी घरं, छपरांवर हात-हातभर बर्फ, आत शेकोटी, शेकोटीसमोर एक सोनेरी केसांचं कुटुंब, आणि त्या कुटुंबातलं कुणीही काहीही काम करत नाही. घराच्या दारातून निघून थेट बर्फाच्या उतारावर घसरता येतं म्हणे. आणि घसरून आल्यावर बूट सुकवायला व गरम ठेवायला एक स्वतंत्र खोली. बुटांना! आमच्या वाड्यात माझ्या थोरल्या काकूचं उभं आयुष्य माजघराच्या कोपऱ्यात गेलं. तिच्या नावाने कधी खोली निघाली नाही. त्या परदेशी बुटांविषयी माझ्या मनात तेव्हापासून थोडी अढी आहे.

साडूंचा बेत असा: आल्प्समध्ये घर घ्यायचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. घरातली माणसं मोजली, डॉलर मोजले, थोडे कमी पडले. म्हणून सह्याद्रीतल्या व्हिलाचा अर्धा हिस्सा मी घ्यावा. “मास्तर, तुमची ग्रॅच्युइटी बँकेत कुजतीय. तिला जरा डोंगरावरची हवा दाखवा,” असं ते म्हणाले. आमची ही त्या वेळी आतून चहा घेऊन येत होती. ग्रॅच्युइटी हा शब्द ऐकून ती तशीच उंबऱ्यात थांबली.

इथून विचाराला सुरुवात झाली. वर्षातले दहा दिवस राहण्यासाठी माणसाने एक आख्खं घर आपल्या नावावर करावं का? केलं तर त्यात कुणाचं काही बिघडतं का? आणि बिघडत नसेल, तर त्या घराच्या किल्ल्या हातात घेताना माझ्यासारख्याला उगाचच चोरट्यासारखं का वाटतं?

आधी आल्प्सचं पाहू. मला वाटलं होतं, हा प्रश्न तिथल्या लोकांना पडत नसेल. बर्फ त्यांचा, डोंगर त्यांचे, गिऱ्हाईक जगभरचं, मग काय? पण स्वित्झर्लंडचे लोक आपल्याकडच्या पाटलांपेक्षा जमिनीला घट्ट धरून आहेत. परदेशी माणसाने तिथे घर घ्यायचं तर १९८३ सालचा एक कायदा आड येतो. सुटीचं घर घ्यायला परवाना लागतो, आणि असे परवाने साऱ्या देशात मिळून वर्षाला दीड हजार. एवढ्याने समाधान झालं नाही म्हणून ११ मार्च २०१२ रोजी त्यांनी जनमत घेतलं आणि ठरवून टाकलं की कुठल्याही गावातल्या एकूण घरांपैकी वीस टक्क्यांपेक्षा जास्त घरं अशी ‘दुसरी’ नसावीत. हा ठराव जेमतेम पन्नास-साडेपन्नास टक्क्यांनी पास झाला, म्हणजे आपल्या सोसायटीच्या निवडणुकीइतक्याच चुरशीने. विरोध कुणाचा होता? खुद्द डोंगरातल्याच लोकांचा! घरं बांधून पोट भरणारे सुतार, गवंडी, दलाल त्यांचे. आणि बाजूने कोण होतं? बरेचसे सपाटीवरच्या शहरांतले, ज्यांना डोंगर लांबून छान दिसायला हवा होता ते. नैतिक प्रश्नांची ही एक मोठी खोड आहे. ते ज्याच्या अंगणात असतात त्याला ते वेगळे दिसतात.

पण त्या लोकांनी या रोगाला एक नाव मात्र फार नामी ठेवलंय. वर्षभर बंद राहणाऱ्या घरांतल्या बिछान्यांना ते ‘थंड बिछाने’ म्हणतात. हिवाळ्यात पंधरा दिवस खिडक्यांत दिवे दिसतात. मग मालक आपापल्या देशी जातात आणि गावात उरतो तो बर्फ, बंद खिडक्यांच्या रांगा, आणि एक बेकरीवाला, जो पाव कुणासाठी भाजायचा या विवंचनेत असतो. थंड हवा पाहिजे म्हणून घर घ्यावं आणि सगळ्यांत थंड काय झालं, तर आपलंच अंथरूण!

आपल्याकडे ही हौस साहेबाने आणली. त्याला कोकणातला घाम आणि देशावरचं ऊन दोन्ही सोसवेना. सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना, १८२९ मध्ये, साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वर घेतलं गेलं, आणि त्याच्या बदल्यात वाईकडचं खंडाळा हे गाव महाराजांना दिलं गेलं. (लोणावळ्याजवळचं खंडाळा नव्हे. ते मिळालं असतं तर निदान चिक्की तरी मिळाली असती.) पुढे उन्हाळा आला की मुंबईचं सरकारच्या सरकार कागदपत्रं, शिपाई, मडमा आणि कुत्री घेऊन महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला जाऊ लागलं. १८५० मध्ये ठाण्याच्या मॅलेट साहेबाने माथेरान शोधून काढलं. शोधून काढलं म्हणजे काय, तर तिथे राहणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांना ते कुठे आहे हे आधीपासून माहीत होतं, साहेबाला नव्हतं. दुसरं घर ही कल्पना आपल्याकडे आली ती अशी, टोपी घालून. टोपी गेली, कल्पना राहिली. आणि ती इतकी फोफावली की २००१ साली महाबळेश्वर-पाचगणीला आणि २००३ साली माथेरानला, केंद्र सरकारला ‘हा भाग नाजूक आहे, जपून वागा’ अशी अधिसूचना काढावी लागली. काचसामानाच्या खोक्यावर लिहितात तसं.

मग आलं लवासा. मुळशी तालुक्यातलं मोसे खोरं, वरसगाव धरणाचं पाणी, आणि त्याच्या काठी स्वातंत्र्यानंतरचं पहिलं नियोजित गिरिनगर असा गाजावाजा. दासवे गावाजवळच्या काठावर इमारती उभ्या राहिल्या त्या इटलीतल्या पोर्तोफिनो या गावाच्या धर्तीवर. पोर्तोफिनो हे समुद्रकाठचं कोळ्यांचं बंदर आहे. थंड हवेचं ठिकाण करायचं म्हणून सह्याद्रीत इटलीची कोळीवस्ती बांधावी, ही कल्पना ज्या कुणाला सुचली त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला आहे. आपल्या हर्णैची नक्कल करून कुणी आल्प्समध्ये बर्फावर सुकट वाळत घातली असती तर किती बहार झाली असती! पण ते असो. २०१० च्या नोव्हेंबरात पर्यावरण मंत्रालयाने लवासाचं काम थांबवलं, वर्षभराने अटी घालून पहिल्या टप्प्याला परवानगी दिली, आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये कंपनीचं प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायाधिकरणापुढे गेलं. त्यानंतर नवा धनी शोधण्याचं गुऱ्हाळ वर्षानुवर्षं चाललं. मधल्या मध्ये कित्येक मध्यमवर्गीयांनी हप्ते भरून ठेवलेली घरं, ना ताब्यात, ना सुटका. त्यांना हसायचा माझा इरादा नाही. घामाचा पैसा थंड हवेत अडकला की तो कसा सोडवायचा, हे कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. आमच्याही नव्हते.

हे सारं मी साडूंना सांगितलं. ते म्हणाले, “मास्तर, तुम्ही वाचता फार. एकदा येऊन राहा. मग बोला.”

म्हणून आम्ही उभयता जाऊन राहिलो. दोन रात्री. आणि खोटं कशाला बोलू, सकाळी गच्चीत उभा राहिलो तेव्हा खाली धुक्यात पाणी, पलीकडे डोंगराच्या एकामागे एक निळ्या कडा, आणि कुठून तरी मलबारी शीळकरी कस्तुराची शीळ. क्षणभर वाटलं, ग्रॅच्युइटी म्हणजे अखेर कागदच ना! सौंदर्यासमोर माणसाचं अर्थशास्त्र असं पातळ होतं. हिने मात्र तेवढ्यात आत जाऊन कपाट उघडलं होतं. कपाटातल्या रजया हिरव्या झाल्या होत्या. मुळात त्या निळ्या होत्या.

सह्याद्रीच्या पावसात चार महिने बंद राहिलेल्या घरात काय होतं हे पुस्तिकेत छापत नाहीत. भिंतींना लव येते. दारं फुगतात आणि बसत नाहीत, मग उन्हाळ्यात आटतात आणि मिटत नाहीत. गाद्यांना ओल्या भाकरीचा वास येतो. मिठाच्या बरणीत समुद्र होतो. आमच्या दोन दिवसांपैकी पहिला दिवस रजया उन्हात घालण्यात गेला आणि दुसरा त्या परत आत घेण्यात. साडू दरवर्षी नऊ रात्री तिथे राहतात. वही लिहिणारे आहेत, त्यामुळे आकडा पक्का. वर्षाची देखभाल, वीज, पाण्याचा आकार आणि राखणदार मिळून एक लाख ऐंशी हजार. म्हणजे रात्रीला वीस हजार रुपये. घराच्या किमतीवरचं व्याज धरलेलंच नाही. ते धरलं तर साडूंना झोप येणार नाही, आणि झोप नाही आली तर रात्र वाया जाऊन दर आणखी वाढेल. एवढ्या पैशांत चांगल्या हॉटेलात दुसरा कुणी रजया उन्हात घालतो.

“पण मास्तर, ते आपलं नसतं ना,” साडू म्हणाले.

या एका वाक्यात सगळं तत्त्वज्ञान आहे, आणि मला ते खोडता आलेलं नाही. आपलं असणं ही गोष्ट वापरण्याहून वेगळी आहे. हॉटेलातून निघताना माणूस मागे वळून बघत नाही. आपल्या घरातून निघताना बघतो. साडू पाटसच्या आसपास उन्हाळ्यात घामाघूम होऊन बसलेले असतात तेव्हाही डोंगरावरची ती गच्ची त्यांच्या डोक्यात गार असते. नऊ रात्री हा हिशोब माझा. त्यांच्या लेखी ते तिथे तीनशे पासष्ट दिवस असतात.

मालकीवर ज्यांनी विचार केला त्यांत एक इंग्रज तत्त्वज्ञ फार नावाजलेला आहे. त्याचं आडनाव लॉक. आता मालकीवर लिहिणारा माणूस दुसऱ्या कुठल्या आडनावाचा असणार? १६८९ च्या सुमारास त्याने असं मांडलं की माणूस ज्या वस्तूत आपले कष्ट मिसळतो ती त्याची होते, पण एक अट आहे: नासायच्या आत वापरता येईल तेवढंच त्याने घ्यावं. जे नुसतंच पडून नासतं ते त्याच्या वाट्याचं नव्हे, दुसऱ्याचं. मोठा शहाणा माणूस. फक्त त्याने पैशाला या अटीतून सूट दिली, कारण पैसा नासत नाही. तिथेच आमचे साडू निसटले. धनादेश नासला नाही. पण त्याची गादी झाली आणि गादी नासली. लॉकसाहेबांच्या न्यायाने बघायचं तर रजईवर बुरशी धरली त्या दिवशी साडूंचा हक्क संपला आणि बुरशीचा सुरू झाला. तिने निदान कष्ट तरी मिसळले होते.

हे सगळं थट्टेवारी नेता येत होतं, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी राखणदाराशी बोलणं झालं आणि त्यानंतर मला नीट हसता आलेलं नाही.

राखणदार पन्नाशीचा, त्याच खोऱ्यातला. व्हिलाच्या मागे पत्र्याची एक खोली आहे, तिथे बायको आणि नातवाला घेऊन राहतो. बारा महिने चूल पेटते ती त्या आवारात तेवढीच. मी पाटसचा म्हटल्यावर तो एकदम जवळचा माणूस भेटल्यासारखा बोलायला लागला. “म्हंजी तुमच्याकडं कॅनॉल हाय न्हवं? माझा चुलता तिकडंच हाय, दौंड तालुक्यात. धरणात जमीन गेली, तवा तिकडं रान दिलं सरकारनं.”

मला हे माहीत असायला हवं होतं, आणि होतंही. पानशेत-वरसगावच्या धरणांत ज्यांची गावं गेली त्यांतल्या कित्येकांना कालव्याखालच्या आमच्या तालुक्यात जमिनी मिळाल्या. माझ्या वर्गात त्यांची मुलं होती. डोंगरातली नाचणी आणि भात खाणारी माणसं आमच्या उन्हात येऊन पडली. आम्ही त्यांना वर्षानुवर्षं ‘धरणवाले’ म्हणत होतो, त्यांनी धरण बांधल्यासारखं. आणि त्यांचं गाव बुडवून जे पाणी साठलं तेच खडकवासल्यावरून कालव्याने खाली येतं, पुणेकरांचं पिऊन झाल्यावर उरेल तेवढं आमच्या उसाला मिळतं, आणि आवर्तन चार दिवस लांबलं की आम्ही तहसील कचेरीवर मोर्चा काढतो.

“तुमचं घर कुठं होतं?” मी विचारलं.

त्याने गच्चीच्या कठड्यावरून खाली बोट दाखवलं. तिथे नुसतं पाणी होतं, वर सूर्यास्त. “तितं. मे म्हैन्यात पानी लई खाली गेलं का जोत्याचं दगड दिसत्यात. आज्जाचं जोतं. औंदा न्हाई दिसलं.” मग जरा थांबून, “चुलत्याच्या रानाला पानी सुटलं का वो?” असं त्याने विचारलं. मला सांगता आलं नाही.

त्याचा सूर तक्रारीचा नव्हता, ही गोष्ट मुद्दाम नोंदवतो. साडूंविषयी तो चांगलंच बोलला. पगार वेळेवर देतात, नातवाच्या शाळेचं बघतात. हा व्हिला नसता तर त्याला पुण्यात कुठल्या तरी इमारतीच्या फाटकावर उभं राहावं लागलं असतं. इथे निदान आज्याच्या जोत्यावर नजर आहे. साडूंनी घर विकत घेऊन त्याचं काही हिरावलं असं म्हणता येणार नाही. ते हिरावलं गेलं फार आधी, आणि त्यातला थोडा वाटा माझ्या ताटातल्या साखरेत आहे. साडूंकडे बोट दाखवायला मी हात उचलला तर हाताला उसाची कूस लागलेली!

पण मग बिघडतं काय? माझ्या मते बिघडतं ते मोजमापात. एका उताराच्या खाली एक घर पाण्यात आहे, ज्याला दिवसातून दहा वेळा कुणी बघतं आणि ज्याचा कागद कुठे नाही. वर एक घर कागदावर पक्कं आहे, ज्यात कुणी नाही. दोन्ही बंद घरंच. या दोहोंमध्ये पत्र्याची खोली, जी कुणाचीच नाही आणि जिच्यात तेवढे लोक राहतात. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात मालमत्तेच्या हक्काचा धडा मी बत्तीस वेळा शिकवला. १९७८ सालच्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्कांतून काढला, हे परीक्षेला हमखास विचारायचो. पण राखण करणं हाही राहण्याचाच एक प्रकार आहे की काय, हा प्रश्न मी कधी पेपरात घातला नव्हता. घातला असता तर उत्तर तपासायचं कसं?

घरी परत येताना मोटारीत साडू गप्प होते. हडपसरच्या पुढे आल्यावर म्हणाले, “त्याला ती मागची खोली पक्की बांधून द्यायचं माझ्या मनात हाये. पण सोसायटीचे नियम आडवे येतात. नोकरांच्या खोल्या दर्शनी भागातून दिसता कामा नयेत म्हणे.” माणूस सालस आहे हे मी सुरुवातीलाच म्हटलं होतं.

ग्रॅच्युइटीचा निकाल शेवटी आमच्या हिने लावला, आणि तो माझ्या कुठल्याही मुद्द्यावर नाही. ती म्हणाली, “दाजींच्या बंगल्याचं राहू दे. आपल्या वाड्यातल्या तीन खोल्यांना कुलपं आहेत, ती आधी बघा.”

हे खरं होतं. डोंगरावरचे व्हिले काल झाले. गावोगावच्या वाड्यांत भाऊबंदांची कुलपं आजोबांपासून आहेत. आमच्या वाड्यात तीन चुलतभावांच्या तीन खोल्या. एक पुण्यात, एक ठाण्यात, एक बडोद्यात. तिघांनाही पाटसला येऊन राहायचं नाही आणि तिघांनाही खोली सोडायची नाही. ‘गावाकडे आपलं घर आहे’ असं म्हणायला मिळावं एवढ्यासाठी तीन खोल्या अंधारात उभ्या आहेत. नऊ रात्रीसुद्धा नाहीत. फरक एवढाच की इथे गच्ची नाही, म्हणून पुस्तिका निघाली नाही.

आता आमच्या गावावरून तुकोबारायांची पालखी जाते. वरवंडचा मुक्काम आटोपून सकाळी निघते, पाटसला दुपारचा विसावा घेते आणि मग रोटीचा घाट चढून उंडवडीला जाते. त्या दुपारी गावात उंबरा म्हणून राहत नाही. कुणाच्या ओट्यावर कोण झोपलंय, कुणाच्या न्हाणीत कोण अंघोळ करतंय, विचारायची पद्धत नाही. आमच्या पडवीत दरवर्षी परभणीकडची एक दिंडी टेकते. त्या बायका हिला ‘ताई, तुमचं माजघर लई गार हाय’ असं म्हणतात. पाटसला थंड हवेचं ठिकाण म्हणणारी तेवढीच माणसं. पडवी पुरत नाही, निम्म्या जणी उन्हात बसतात, आणि शेजारी तीन खोल्या कुलपात.

हिने तिन्ही दिरांना फोन केले. पालखीपुरत्या खोल्या उघडायच्या आहेत, किल्ल्या पाठवा. पुण्याच्याने एस. टी.च्या वाहकाबरोबर किल्ली धाडली आणि सोबत निरोप, ‘भिंतीवरच्या फोटोला हात लावू नये.’ बडोद्याच्याने आधी विचारलं, हे कायद्याने ताबा देण्यासारखं तर होत नाही ना? मी नागरिकशास्त्राचा आधार देऊन त्याची समजूत घातली, तेव्हा किल्ली कुरिअरने आली. ठाण्याचा म्हणाला, “वहिनी, किल्ली काकांबरोबरच गेली. कुलूप तोडा. पण दुसरं लावा हं.”

तोडलं. आत मूठ-मूठ धूळ, वाळवीने खाल्लेला एक पाट, भिंतीवर १९८७ सालची दिनदर्शिका, आणि मधोमध एक लोखंडी पेटी. पेटीलाही कुलूप आहे. ते तोडायचं का, असं आम्ही ठाण्याला विचारलंय. भावजी म्हणाले, भावाभावांत बोलून कळवतो.

साडूंना अजून नाही म्हणायचंय. ते रविवारी येणार आहेत, आणि हिने त्यांना जेवायलाच बोलावून ठेवलंय.